फुटाला एक सूत

"तुमच्यातल्या एकाचा बी इस्वास बसायचा न्हाय," चन्नाप्पा म्हणाला, "आणि बसू बी नये. माझ्या डोळ्यांदेखत झालं म्हणून मी गप हाय, न्हायतर मीच मला खोटारडा म्हटलो असतो."

शिवाजी पेठेत तालमीच्या कोपऱ्यावर आकारामचा चहाचा गाडा. सकाळचे आठ वाजलेले. बाकड्यावर चौघं, तालमीच्या पायरीवर तिघं, आणि गाळणीतून चहा गाळता गाळता हात थांबवलेला आकाराम. सगळ्यांना हीच गोष्ट हवी होती. तुकड्यातुकड्यानं ती पेठेत आठ दिवस फिरत होती, पण चन्नाप्पाच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी.

"सागवान शाहूवाडीकडचं. डोंगरातलं. झाड तोडणाऱ्यानं करवत इतक्या हळू चालवली की झाडाला पत्ताच लागला न्हाय. तुला तोडलंय बाबा, असं त्याला कुणी सांगितलंच न्हाय. फळ्या पाडल्या, टेम्पोत बसल्या, कोल्हापूर बघितलं, माझ्या शेडात रंधा मारून घेतला, तरी ते लाकूड आपलं अजून झाडच हाय समजून चाललंय. मी चौकट जोडली. चार फूट बाय अडीच फूट. गुण्या लावून कोपरे काटकोनात बघितले आणि झोपलो. सकाळी बघतोय तर चार सूत वाढलेली."

"चार सूत म्हंजे अर्धा इंच की," पायरीवरचा एक जण म्हणाला.

"अर्धा इंच. शेजारी पाण्याची कळशी ठेवलती, ती रिकामी."

"मग आता पालवी कवा फुटायची, आण्णा?"

"पाडव्याला."

सगळे हसले. आकाराम हसता हसता चहा बशीबाहेर सांडून बसला. चन्नाप्पानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हसणं ऐकू येत होतं, पण ते शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसं भिंतीपलीकडून येत होतं. गोष्ट संपली होती, लोक हसले होते, म्हणजे आजचं काम झालं. त्यानं चहा संपवला. चहा गरम होता. त्यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

तो उठला तसा आकाराम म्हणाला, "आण्णा, उद्या किती सूत?"

चन्नाप्पानं हात वर केला आणि घराकडं निघाला.

आता हा चन्नाप्पा कोण, ते सांगायला पाहिजे. वय त्रेसष्ट. आधी उद्यमनगरात आणि मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मिळून अडतीस वर्षं त्यानं पॅटर्न मेकर म्हणून काढली. म्हणजे जी वस्तू लोखंडात ओतायची, तिचा आधी लाकडात नमुना करायचा. तो नमुना वाळूत दाबतात, अलगद उचलतात आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. पण बीड निवताना आकसतं. फुटाला एक सूत आकसतं, आणि इंचात सुतं आठ. म्हणून नमुना मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. दिसायला मात्र दुसऱ्या कुठल्याही स्टीलच्या पट्टीसारखी. नवखा माणूस हटकून फसतो. चन्नाप्पानं नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपल्या या पट्टीचं टोक लाल रंगात बुडवलं आणि तिला स्वतंत्र खिळा दिला. अडतीस वर्षांत लाल पट्टी कधी साध्या पट्टीच्या खिळ्यावर गेली नाही.

आणि दुसरं म्हणजे थापा. थाप म्हटलेलं त्याला आवडत नसे, तो त्याला "गोष्ट" म्हणायचा. त्याच्या गोष्टीची एक खोड होती. ती पहिल्या दिवशी जेवढी असायची तेवढी दुसऱ्या दिवशी नसायची. दोन वर्षांपूर्वी तो मोरीत पाय घसरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हा मेंदूचा फोटो काढला होता. तो फोटो डाक्टरीणबाईंनी उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, आत मार काही लागलेला नाही, पण वयाच्या मानानं मेंदू थोडा आकसलाय. चन्नाप्पानं तिथल्या तिथं विचारलं, "फुटाला किती सूत?" बाई हसल्या. दवाखान्यातून बाहेर पडला तोवर मेंदू लिंबाएवढा झाला होता. शनिवारी आकारामच्या गाड्यावर तो आवळ्याएवढा होता. महिन्याअखेर सुपारीएवढा झाला आणि तो बघायला मिरजेहून शिकाऊ डाक्टर भिंग घेऊन आले होते, दिवाळीला त्यातला एक जण तो शिंकेसरशी हरवून बसला होता. लोकांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं, कारण प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच असायचं.

डाक्टरीणबाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी त्याला सांगितली नाही, त्याच्या बायकोला, बसव्वाला सांगितली. पण चन्नाप्पा खुर्चीतच होता, त्यानंही ऐकली. बाई म्हणाल्या, "यांचा तो आजार एकदा येऊन गेलाय. या वयात, असा मेंदू थोडा थकलेला असला, की तो परत येऊ शकतो. आणि परत येताना रडत-भेकत येत नाही, म्हातारपणाचं सोंग घेऊन येतो. माणूस विसरतो, सावकाश होतो, गप्प होतो. सगळे म्हणतात वय झालं. तुम्ही तसं म्हणू नका. गोळी बंद करू नका, आणि शंका आली तर घेऊन या."

तो आजार म्हणजे त्र्याण्णव सालचा.

त्या साली घरात काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. मार्गशीर्षात एका सकाळी चन्नाप्पा भिंतीकडं तोंड करून निजला आणि चार महिने तसाच राहिला. फौंड्रीतले लोक म्हणाले करणी आहे. जंगमानं विभूती दिली. बसव्वाचा भाऊ निपाणीहून येऊन कानडीत समजावून गेला. चन्नाप्पा कशालाच नाही म्हणाला नाही आणि कशालाच हो म्हणाला नाही. लोकांना आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण आजार आहे हे कळलं, ते एकाच गोष्टीवरून. चन्नाप्पा गोष्ट सांगेनासा झाला. शेवटी फौंड्रीतला भट्टीवाला गणपती, त्याचा मित्र, त्याला स्कूटरवर पुढं बसवून, मागून दोन्ही हातांनी कवळून दवाखान्यात घेऊन गेला. स्कूटर कुणी चालवली हे अजून कुणाला कळलेलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. सातव्या आठवड्यात चन्नाप्पा म्हणाला, "गणपा, त्या दिवशी स्कूटर आपली आपण गेली न्हवं?" आणि चुलीपुढं बसलेली बसव्वा पदरात तोंड घालून रडली.

त्या चार महिन्यांत बसव्वाचे केस पांढरे झाले. आधी काळे होते. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि चन्नाप्पानं त्यावर कधी गोष्ट केली नाही.

आता सन दोन हजार दोन. गेल्या दिवाळीआधी बसव्वा पुण्याला सुनेच्या बाळंतपणाला गेली. मुलगा बसवेश तिकडं नोकरीला. ती संक्रांत करून परत आली. मधल्या काळात चन्नाप्पा भाकरी स्वतः थापत होता, पिंडीला पाणी स्वतः घालत होता, आणि गोळी. गोळी सकाळची एकच. ती बसव्वा रोज त्याच्या तळहातावर ठेवायची. ठेवणारं कुणी नव्हतं. एक दिवस राहिली, काही झालं नाही. चार दिवस राहिली, काही झालं नाही. चांगला तर आहे मी, असं त्याला वाटलं, आणि ते तेव्हा खरंही होतं. पाकिटं फडताळात तशीच पडली, आणि बसव्वा परत आल्यावर, गोळी आता माझी मी घेतो, असं त्यानं तिला सांगून टाकलं.

माघात कधीतरी जोंधळ्याच्या भाकरीला चव लागेनाशी झाली. वाईट लागत होती असं नाही. तोंडात काहीतरी आहे आणि ते चावायचं आहे, एवढंच. मग सकाळी चारला जाग यायला लागली. मग पेठेतल्या पोरांची फुटबॉलची मॅच होती. चन्नाप्पा आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभं राहून रेफ्रीच्या सात पिढ्यांची विचारपूस करणारा माणूस. पेठेनं गोल केला, आजूबाजूचे सगळे उठले, म्हणून तो उठला. सगळे बसले, तो बसला. शेजारच्यानं पाठीत थाप घातली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे आठवावं लागतंय.

आलं, असं त्याच्या मनात आलं. पाहुणा दारात उभा दिसावा तसं. भीती वाटली नाही. भीती वाटायला सुद्धा काहीतरी लागतं, ते नव्हतं.

बसव्वाला सांगायला पाहिजे होतं. ती त्याच्यासमोर बसून तांदूळ निवडायची, आणि त्याला तिचे केस दिसायचे. तिला परत त्यात घालायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. ते प्रेम होतं की काय होतं ते सांगता येणार नाही. खिळ्यावर लाल पट्टी असते, तसं ते एका जागी होतं. त्यानं विचार केला: मागच्या खेपेला लोकांना कळलं ते गोष्ट बंद झाली म्हणून. तेव्हा गोष्ट बंद करायची नाही. गोष्ट चालू आहे तोवर चन्नाप्पा बरा आहे.

"गोळी घेतलीसा?" बसव्वा विचारायची.

"घेतो की," तो म्हणायचा.

आणि आकारामच्या गाड्यावर जाऊन गोष्ट सांगायचा. तोंडाला सवय होती. तोंड सांगायचं, तो बाजूला उभा राहायचा.

चौकटीचं काम त्यानं आजार परत यायच्या आधीच कबूल केलं होतं. गणपतीच्या वसाहतीत विहार बांधून झालं होतं, चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी बुद्धाची मूर्ती बसायची होती. मूर्तीला सागवानी कपाट, पुढं एक अखंड काच. गणपती म्हणाला होता, "सुतार लई हायत, पर मला तुझ्या हातचं पायजे." शब्द दिलेला, म्हणून चन्नाप्पा रोज शेडात जायचा. शेड घराच्या मागंच, पत्र्याचं. लाकूड मापायचं, आखायचं, कापायचं. हाताला काम माहीत होतं. करवतीखालून भुसा पडायचा, सागाचा वास यायचा. येत असणार, कारण सागाला वास असतो.

चौकट जोडून झाली त्या रविवारी काचवाला बाळासो काच घेऊन आला. चन्नाप्पानं त्याला माप आधीच कागदावर दिलेलं. बसव्वा मागच्या दारात उभी होती. शेजारची आक्का शेंगा फोडत उंबऱ्यावर बसलेली. बाळासोनं एका बाजूनं धरलं, चन्नाप्पानं दुसऱ्या. काच उभी करून खाचेत टेकवायला गेले, आणि ती टेकलीच नाही. खाच जिथं काचेला धरणार तिथं काच पोचतच नव्हती. ती चौकटीतून सरळ पलीकडं गेली, शेडाच्या फरशीवर पडली आणि फुटली. एक मोठा तुकडा चन्नाप्पाच्या पायाशी येऊन उभा राहिला, अंगठ्यापासून दोन बोटांवर. बाळासो मागं उडी मारून गेला. चन्नाप्पानं पाय हलवला नाही. तो तुकड्याकडं बघत राहिला.

"अय्य, शिवने," आक्कानं कानडीत देवाचं नाव घेतलं.

"आण्णा, माझं माप बरोबर हाय," बाळासो म्हणाला. त्यानं कागद काढला, फुटलेल्या काचेला टेप लावून दाखवला. "चार फूट म्हंजे चार फूट. चौकटच मोठी झालीया तुमची."

चन्नाप्पानं खिळ्यांकडं पाहिलं. साधी पट्टी आपल्या खिळ्यावर होती. लालचा खिळा रिकामा होता. लाल पट्टी बाकावर भुश्यात पडली होती, नुसतं टोक दिसत होतं.

कळलं त्याला. सगळं एका क्षणात कळलं. चौकट त्यानं बीडाच्या मापानं केली होती, जशी काही ती ओतून निवायची होती आणि निवताना आकसून बरोबर चार फुटांवर यायची होती. अडतीस वर्षांत जी चूक झाली नाही, ती झाली. असल्या चुकीपायी त्यानं एकदा एका शिकाऊला जेवणाच्या सुट्टीभर फौंड्रीच्या दारात पट्टी घेऊन उभं केलं होतं. आता स्वतःची झाली तर निदान कान तरी तापायला पाहिजे होते. त्यानं वाट पाहिली. काही तापलं नाही.

तेवढ्यात त्याचं तोंड म्हणालं, "चौकट मोठी झाली न्हाय. वाढली. चार सूत."

"वाढली?"

"लाकूड शाहूवाडीचं. अजून झाडच हाय समजतंय."

बाळासो आधी नुसता बघत राहिला आणि मग खदखदून हसला. आक्का हसली. गोष्ट दिवस मावळायच्या आत पेठेत गेली. काच केरसुणीनं गोळा केली ती बसव्वानं. ती हसली नव्हती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

असे आठ दिवस गेले. आणि आज, आकारामच्या गाड्यावरून चन्नाप्पा घरी आला, शेडात जाऊन बाकावर बसला. करायचं काही नव्हतं. नवी चौकट करायला पाहिजे हे त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असणं एका बाजूला पडून होतं. जेवायला हाक आली तेव्हा जेवला.

दुपारी गणपती आला. सहा फुटी माणूस, भट्टीपुढं उभा राहून राहून तोंडाची एक बाजू जास्त काळी झालेली. शेडाच्या दारात चप्पल काढून तो आत आला.

"काच फुटली म्हनं."

"फुटली."

"आणि लाकूड वाढलं म्हनं."

"वाढलं. झाडाला कळलंच न्हाय की आपल्याला तोडलंय. चार सूत."

"आणि कळशीतलं पानी प्यालं."

"प्यालं."

गणपती हसला, पण हसता हसता त्यानं खिशातून टेप काढला. "बघू तरी किती तहान लागलीया," म्हणाला, आणि चौकटीला उभा टेप लावला. चार फूट, चार सूत. आडवा लावला. अडीच फूट, अडीच सूत. मग वाकून कपाटाच्या खणाला लावला. खण एक फुटाचा. एक फूट, एक सूत.

"चन्नाप्पा."

"काय?"

"लाकूड फुगतंय ते रुंदीला. लांबीला वाढत न्हाय. हे तूच मला शिकवलंयस, मी तर भट्टीवाला."

"हे शाहूवाडीचं हाय."

"असू दे की. पर वाढलं ते फुटाला बरोबर एक सूत? हे बीडाचं गणित त्याला कुणी शिकवलं, मर्दा?" त्यानं खिळ्यांकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, भुश्यात बोट घालून लाल टोकाची पट्टी ओढून बाहेर काढली. ती त्यानं चन्नाप्पापुढं धरली. "लाल लावलीस लेका."

चन्नाप्पानं बाकावरचा भुसा हातानं सारखा केला.

गणपतीनं पट्टी पुसली आणि तिच्या खिळ्याला अडकवली. आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ दे. मी कुणाला सांगत न्हाय. पेठेत लाकूड वाढलं तर वाढलंच. नवी चौकट करू, अजून जयंतीला हाय वेळ, मी येतो हाताखाली. अरं, हुतंय असं. वय झालं आता आपलं. परवा मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, शेवटी नातीनं दाखवला."

चन्नाप्पानं मान वर केली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कसली गोष्ट रचायची नाही, कळशी नको, झाड नको. दोन शब्द, आणि ते प्रत्येकाकडं आधीपासून तयार असलेले. कुणी पुढं विचारत नाही. जो ऐकेल तो मान हलवेल आणि स्वतःचा चष्मा सांगेल. गोष्टीपेक्षा कितीतरी सोपं होतं हे. उद्यापासून गाड्यावरसुद्धा जायला नको.

"व्हय," तो म्हणाला. "वय झालं, गणपा."

"खोटं."

दोघांनी मागं वळून पाहिलं. बसव्वा दारात होती. हातात ताट, ताटात दोन कप चहा आणि चिरमुऱ्याची वाटी. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"काय खोटं, वैनी?" गणपती म्हणाला. "पट्टी बघा की. लाल लावलीया त्यानं. सगळं फुटाला एक सूत मोठं हाय."

"पट्टीचं खरं असंल. मला त्यातलं कळत न्हाय." तिनं ताट बाकावर ठेवलं. कप गणपतीच्या हातात दिला. चन्नाप्पाकडं तिनं अजून पाहिलं नव्हतं. "वय झालं म्हनतायत, ते खोटं हाय."

"बसव्वा, आता त्रेसष्ट—"

"तुमी गप बसा. मी भावजींशी बोलाय लागलोय." ती गणपतीकडं वळली. "भावजी, मेंदूची गोष्ट तुमी ऐकलीसा न्हवं? डाक्टरीणबाई म्हनल्या थोडा आकसलाय. मी तिथं हुतो, एवढंच म्हनल्या. पायरी उतरूस्तवर लिंबाएवढा झाला. मग आवळ्याएवढा. मग सुपारी. मग कोन शिंकलं आणि हरवलाच."

"मला तर मोहरीएवढा सांगितलता," गणपती म्हणाला. "मुंगी घेऊन गेली म्हणून."

"बघा. तुमचं चाळीस साल चाललंय ऐकायचं. ह्या मानसानं एक माप दोन डाव तेच सांगितलेलं तुमास्नी आठवतंय?"

गणपतीनं कप खाली ठेवला. डोळे बारीक करून त्यानं खरंच आठवून पाहिलं. "न्हाय," तो म्हणाला.

"काच फुटल्याला आठ दिस झालं. बाळासोला चार सूत सांगितलं. आक्काला चार सूत. दूधवाल्याला दारात, चार सूत आणि कळशी. काल फोनवर बसवेशला, चार सूत आणि कळशी. आज आकारामच्या गाड्यावर काय सांगितलं? आक्काचा मालक हुता तिथं, त्येला इचारलं मी. चार सूत आणि कळशी." ती बोटं मोडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसं सांगत होती. "आठ दिसांत ती चौकट पत्रं फाडून वर जाया पायजे हुती, भावजी. तिच्यावर वानरं बसाया पायजे हुती. मी रोज वाट बघतोय, आज तरी एक सूत वाढंल. लाकूड वाढलं म्हनं. गोष्ट कुठं वाढलीया?"

पत्रा तापून मधेच टक् असा वाजला. गणपतीनं चन्नाप्पाकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडाच्या काळ्या बाजूला काहीतरी हललं. त्याला स्कूटर आठवली असावी.

चन्नाप्पाला वाटलं आता काहीतरी सांगावं. तोंड उघडलंही. वानरांचं सांगता आलं असतं, बसव्वानं आयतं दिलं होतं. वानरं आली होती, पण गणपती येताना दिसला म्हणून पळाली, असं काहीतरी. ते त्याला लांबवर दिसलं, आणि तिथपर्यंत जाववेना.

"गोळी घेतो की मी," तो म्हणाला.

आता बसव्वा त्याच्याकडं वळली. ती त्याच्यासमोर बाकावर बसली, इतक्या जवळ की त्याला तिचा भांग दिसत होता, कुंकवाच्या वरपासून मागं अंबाड्यापर्यंत पांढरा. तिनं त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर करून, गोळी ठेवायची तसा.

"म्हातारं मानूस माप इसरतंय," ती म्हणाली. "तुमी इसरला न्हाईसा. सूत न् सूत ध्येनात हाय तुमच्या. तुमास्नी वाढवावंसंच वाटंना झालंय. ह्ये वय न्हवं. ह्ये मागलंच आलंय परत, आणि तुमी माझ्याशी खोटं बोलाय लागलाईसा."